जोसेफ चेंबरलेन: स्क्रूचा कारखानदार ते बर्मिंगहॅमचा महापौर आणि पुढे

मळसूत्र (धागाकर्ते)

चेंबरलेन हे नाव घेतलं की बहुतेकांना म्युनिक करारवाला नेव्हिल आठवतो. हा धागा त्याच्या वडिलांवर आहे, जोसेफ चेंबरलेन (१८३६-१९१४). पंतप्रधान कधीच झाला नाही, पण ब्रिटनमधले दोन मोठे पक्ष त्याच्यामुळे फुटले आणि एका औद्योगिक शहराचा कारभार त्याने तीन वर्षांत मुळापासून बदलला. माझ्या मते त्याचं खरं काम लंडनमध्ये झालं नाही, बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेत झालं. आणि ते काम समजून घ्यायचं तर आधी त्याचा कारखाना समजून घ्यायला हवा.

थोडक्यात पूर्वपीठिका. जन्म ८ जुलै १८३६, लंडनमधलं कॅम्बरवेल. घर युनिटेरियन पंथाचं, म्हणजे प्रस्थापित चर्चच्या बाहेरचं. वडिलांचा जोड्यांचा धंदा. सोळाव्या वर्षी शाळा संपली आणि पोरगा वडिलांच्या धंद्यात लागला. १८५४ साली, अठराव्या वर्षी, त्याला बर्मिंगहॅमला पाठवलं ते घरच्या पैशावर नजर ठेवायला. आत्याचे यजमान जॉन सटन नेटलफोल्ड यांनी स्क्रू बनवण्याच्या अमेरिकन यंत्राचे ब्रिटिश हक्क घेतले होते. हक्क आणि यंत्रं मिळून खर्च ३०,००० पौंड, त्यातले १०,००० चेंबरलेनच्या वडिलांचे.

त्यांचा मुलगा जोसेफ नेटलफोल्ड यंत्रांकडे बघायचा, जोसेफ चेंबरलेन हिशेब आणि विक्रीकडे. धंदा ऐन भरात असताना इंग्लंडमध्ये बनणाऱ्या धातूच्या स्क्रूंपैकी दोन-तृतीयांश या एका पेढीचे होते.

लेथ

चांगला विषय. यंत्राबद्दल भर घालतो, कारण सगळा डोलारा एका टोकावर उभा आहे, अगदी शब्दशः.

आधीच्या लाकडी कामाच्या स्क्रूला टोक नसायचं. तार कापली की शेवट बोथट, आटे तिथवर यायचे आणि संपायचे. त्यामुळे सुताराला आधी गिरमिटाने पूर्ण खोलीचं भोक पाडावं लागे. भोक कमी खोल पडलं तर बोथट शेवट तळाला टेकतो, सुतार जोर लावत राहतो आणि माथ्याची खाच उडते. भोक जास्त रुंद झालं तर आट्यांना धरायला लाकूडच उरत नाही. अमेरिकेत थॉमस स्लोन यांनी १८४६ मध्ये पेटंट घेतलेल्या स्क्रूला गिरमिटासारखं निमुळतं टोक होतं आणि आटे त्या टोकापर्यंत गेलेले. मऊ लाकडात तो स्वतःच वाट काढतो. कठीण लाकडात अजूनही भोक लागतंच, पण ते बारीक आणि कमी खोल पुरतं.

टोकदार स्क्रूची कल्पना त्याआधीही लोकांना सुचली होती. अडचण होती ती निमुळत्या भागावर आटे कापण्याची. सरळ दांड्यावर हत्यार एकाच अंतरावरून चालतं. टोकाकडे मात्र दांडा बारीक होत जातो, तसं हत्यार आत सरकत जायला हवं, आणि तेही प्रत्येक फेरीला नेमकं तितकंच. हाताने हे दिवसभर जमणं अशक्य.

कामाचा क्रम असा: लोखंडी तारेचं वेटोळं, तुकडा कापायचा आणि थंडच ठोकून माथा काढायचा. मग माथा आणि मान तासायची. बारीक गोल करवतीने खाच पाडायची. खाच पाडताना कडेला कुसं निघतात म्हणून माथा पुन्हा तासायचा. शेवटी आटे, तेही एका दमात नाही, कापणारं हत्यार अनेक फेऱ्यांत थोडं थोडं खोल जातं. एकाच फेरीत खोल घेतलं तर बारीक तार पिळवटते. आटे कापून काढलेले असल्याने आट्यांचा बाहेरचा व्यास आणि दांड्याचा व्यास एकच राहतो, जुने स्क्रू ओळखायची ही सोपी खूण. स्वयंचलित यंत्र तुकडा स्वतः उचलतं, पकडतं, कापतं, सोडतं, त्यामुळे एका कामगाराकडे अनेक यंत्रं देता येतात. बर्मिंगहॅमच्या या धंद्यात यंत्रांवर मुख्यतः बाया आणि मुलीच असायच्या.

जमाखर्च

लेथ यांनी यंत्र सांगितलं, आता गल्ल्याकडची बाजू.

स्क्रूचा धंदा ग्रोसवर चालतो, म्हणजे १४४ नगांवर. एका ग्रोसवरचा नफा चिमूटभर, त्यामुळे सगळी कमाई खपावर. अशा धंद्यात यंत्र थांबलं की तोटा, कारण हक्कांचं आणि यंत्रांचं भांडवल आधीच गुंतलेलं असतं. म्हणून चेंबरलेनने निर्यात वाढवली. फ्रान्सकडे जाणारा माल तिथल्या मापांत आणि तिथल्या गिऱ्हाइकाच्या सवयीच्या निळ्या कागदात बांधून जायचा. बारीक गोष्ट वाटते, पण दुकानदाराला फळीवरचा पुडा ओळखीचा वाटणं ही निम्मी विक्री असते.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. प्रतिस्पर्धी विकत घेणं आणि भाव पाडून लहान कारखानदारांना जेरीस आणणं हा आरोप त्याच्यावर राजकारणात आल्यावर पुन्हा पुन्हा झाला. जुन्या पद्धतीने स्क्रू बनवणारे लहान कारखाने या काळात बंद पडले किंवा विकले गेले हे खरंच आहे. त्यातलं किती यंत्रामुळे आणि किती भावयुद्धामुळे, हे वेगळं काढणं अवघड.

१८७४ मध्ये चेंबरलेन कुटुंबाने आपला हिस्सा नेटलफोल्डांना सुमारे ६,००,००० पौंडांना विकला, त्यात जोसेफच्या वाट्याला सुमारे १,२०,००० आले. चाळिशीच्या आत धंद्यातून पूर्ण मोकळा. तो व्यवहार झाला नसता तर त्याला पूर्णवेळ राजकारण परवडलं नसतं. तेव्हा खासदाराला पगार नव्हता आणि महापौरपदाला तर उलट खिशातून खर्च. (पेढी पुढे १९०२ मध्ये गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स झाली, तीच जीकेएन.)

शेगडी

छान चाललाय धागा. गॅसच्या राष्ट्रीयीकरणाबद्दल, म्हणजे नगरपालिकीकरणाबद्दल कुणी आकड्यांसकट लिहील का? पालिकेने धंदा विकत घेऊन नफा कसा काढला हे नीट कळत नाही.

जमाखर्च

शेगडी, लिहितो. हाच भाग सगळ्यात रंजक आहे.

चेंबरलेन नोव्हेंबर १८६९ मध्ये नगरसेवक आणि नोव्हेंबर १८७३ मध्ये महापौर झाला. शहरात दोन गॅस कंपन्या होत्या. दोन कंपन्या म्हणजे दोन संचालक मंडळं, दोन कचेऱ्या, दोन वसुली. रस्ता मात्र पालिकेचा, आणि तो नळ टाकायला पुन्हा पुन्हा खणला जाणार. कायद्याने गॅस कंपनीच्या लाभांशाला १० टक्क्यांची कमाल मर्यादा होती. दुसरीकडे, घरपट्टीच्या तारणावर नगरपालिकेला त्याच्या निम्म्याहूनही कमी व्याजाने पैसा मिळायचा.

पण इथे एक गफलत नेहमी होते. "१० टक्के द्यायचे वाचले, ४ टक्के भरले, उरलेला नफा" असं गणित नाही. भागधारक आपला १० टक्क्यांचा हक्क फुकट सोडत नाहीत, त्याची किंमत खरेदीच्या रकमेत येते. दोन्ही कंपन्यांना मिळून १९,५३,०५० पौंड मोजावे लागले ते म्हणूनच. खरा नफा तीन ठिकाणी होता: दुहेरी व्यवस्था एक करणं, पुढे वाढणारा सगळा खप (त्यावर आता जुन्या भागधारकांचा हक्क नाही) आणि वाढीसाठी लागणारं नवं भांडवल स्वस्तात उभं करणं. पहिल्याच वर्षी ३४,००० पौंड शिल्लक पडले. खरेदीच्या मानाने हे पावणेदोन टक्केच, पण व्याज भागवून उरलेले आणि घरपट्टीला हात न लावता आलेले.

टप्पे असे होते. आधी कंपन्यांच्या संचालकांशी बोलणी करून किंमत ठरवली. मग नगरसभेचा ठराव. मग करदात्यांची सभा, कारण १८७२ च्या कायद्यानुसार पालिकेला संसदेत खासगी विधेयक न्यायचं तर करदात्यांची संमती लागायची. मग विधेयक, समितीपुढे साक्षी, आणि कायदा झाल्यावर १८७५ मध्ये ताबा. यातला तिसरा टप्पा सगळ्यात नाजूक. लहान दुकानदारांना घरपट्टी वाढण्याची धास्ती होती. करदात्यांनी नाकारलं तर कंपन्या मी स्वतः विकत घेतो, असं चेंबरलेनने सांगितलं. स्क्रूच्या धंद्यात पैसा कमावलेल्या माणसाने असं म्हणण्याला वजन होतं.

नळपाणी

जमाखर्च यांचा प्रतिसाद उत्तम. पण पाण्याचा व्यवहार शेजारी ठेवून बघा, कारण त्याच माणसाने त्याच वर्षांत अगदी उलटं धोरण घेतलं.

पाणी कंपनी १३,५०,००० पौंडांना घेतली, ताबा जानेवारी १८७६. कंपनी राजी नव्हती, विकत घेण्याची सक्ती कायद्याने केली. संसदेच्या समितीपुढे त्याने स्वच्छ सांगितलं की पाण्यावर नफा कमवायचा आमचा इरादा नाही, आमचा नफा लोकांच्या आरोग्यातून येईल. गॅस ही विकत घ्यायची वस्तू आहे, महाग वाटली तर माणूस कमी वापरतो. पाण्याचं तसं नाही. पाणी महाग केलं तर गरीब माणूस फुकटच्या विहिरीकडे जातो, आणि तिथेच रोग आहे.

परिस्थिती अशी होती की निम्मी वस्ती तरी विहिरींवर अवलंबून होती आणि त्यांतल्या कित्येकांत मैलापाणी झिरपत होतं. नळाचं पाणी आठवड्यातून तीनच दिवस. जे रोज पाणी येत नसलेल्या शहरात राहिले आहेत त्यांना हे सांगायला नको, पण तांत्रिक कारण नोंदवतो: पाणी बंद असतं तेव्हा नळातला दाब जातो आणि सांध्यांमधून आजूबाजूच्या मातीतलं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणजे पुरवठा खंडित असेल तर उगमाशी स्वच्छ असलेलं पाणीही घरात पोचेपर्यंत बिघडतं. शिवाय नळाला अखंड पाणी असल्याशिवाय विहीर बुजवायचा हुकूम काढताच येत नाही, लोक पिणार काय? म्हणून क्रम ठरलेला: आधी कंपनी ताब्यात, मग पुरवठा वाढवायचा, मग विहिरी बंद.

कर्जाचा बोजा मात्र खरा होता. गॅस आणि पाणी मिळून ३३,०३,०५० पौंड. व्याजात अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी वर्षाला सोळा हजारांवर पौंड. म्हणून पालिकेची पत टिकवणं हे त्याच्यासाठी रस्ते झाडण्याइतकंच रोजचं काम होतं.

अवांतर: पुढे १८९२ च्या कायद्याने वेल्समधल्या एलान खोऱ्यातून पाणी आणलं, उद्घाटन १९०४. अंतर सुमारे ११८ किलोमीटर, उतार फक्त ५२ मीटर, पंप नाही. पाणी नुसतं उतारावरून चालत येतं. खासगी कंपनीला इतक्या लांबचा खर्च भागधारकांच्या गळी उतरवता आला असता असं मला वाटत नाही.

गल्लीबोळ

गॅस आणि पाण्याबद्दल पूर्ण सहमत. पण कॉर्पोरेशन स्ट्रीटचं काय? तिथे मला चेंबरलेनचं कौतुक जमत नाही.

१८७५ च्या कारागीर आणि कामगार निवास सुधारणा कायद्याने पालिकांना रोगट वस्ती ताब्यात घेऊन पाडायचा अधिकार दिला. बर्मिंगहॅमने जवळपास ५० एकर जागा घेतली आणि मधून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. कायद्याचा उद्देश कामगारांची घरं हा होता, नावातच तो आहे. प्रत्यक्षात समितीने हिशेब केला की शहराच्या मध्यात इतक्या महाग जागेवर पालिकेने घरं बांधणं परवडत नाही, आणि जमीन ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दुकानं-कचेऱ्यांना दिली. हटवलेली माणसं आसपासच्या आधीच दाटलेल्या वस्त्यांत गेली आणि हळूहळू उपनगरांकडे सरकली. पालिकेने त्यांच्यासाठी बांधलेली घरं फार थोडी आणि तीही बऱ्याच उशिरा.

त्या रस्त्यावरच्या मृत्युदराचे आकडे नेहमी दिले जातात: १८७३-७५ मध्ये हजारी ५३, १८७९-८१ मध्ये हजारी २१. आकडे खरे आहेत, अर्थ नीट लावायला हवा. तिथे राहणारी माणसंच बदलली! रोगी आणि उपाशी माणूस दुसऱ्या गल्लीत मेला तर तो मृत्यू त्या गल्लीच्या खात्यात जातो. सुधारणा किती झाली हे बघायचं तर हटवलेल्या कुटुंबांचा माग काढायला हवा, रस्त्याचा नव्हे.

मळसूत्र

गल्लीबोळ, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त भाडेपट्ट्याबद्दल एक भर. जमीन विकून टाकली असती तर नुकसान लगेच भरून निघालं असतं. तसं न करता ती पालिकेच्या मालकीची ठेवली, म्हणजे ७५ वर्षांनी जमीन आणि वरची इमारत दोन्ही पालिकेकडे परत. योजनेचा सुमारे ३,००,००० पौंडांचा भार करदात्यांच्या एका पिढीने सोसला आणि फळ नातवंडांच्या हाती गेलं. सुरुवातीच्या निधीत त्याने स्वतःचे १०,००० पौंड घातले होते. कारखानदार यंत्राची किंमत अनेक वर्षांवर पसरतो तशीच ही नजर. तिच्यात हटवलेल्या भाडेकरूचा रकाना नव्हता, हेही तितकंच खरं.

मतपेटी

इतकं सगळं लिहिलंत, पण ही माणसं निवडून कशी आली ते राहिलंच. बर्मिंगहॅमची पक्षयंत्रणा हा माझ्या मते स्क्रूइतकाच काटेकोर कारखाना होता.

१८६७ च्या सुधारणेने शहराला तीन जागा मिळाल्या, पण मतदाराला मतं दोनच. हेतू हा की अल्पसंख्य पक्षालाही एक जागा मिळावी. आता गणित करा. समजा उदारमतवादी मतदार १५,००० आणि हुजूरपक्षाचे ९,०००. हुजूरपक्ष दोन उमेदवार उभे करतो, दोघांना प्रत्येकी ९,०००. उदारमतवाद्यांची मतं ३०,०००. ती मनाला येईल तशी पडली तर दोन लोकप्रिय उमेदवारांना तेरा-तेरा हजार आणि तिसऱ्याला चारच हजार. तिसरी जागा गेली. तीच मतं समान वाटली तर प्रत्येकी १०,००० आणि तिन्ही जागा हाती. म्हणजे एकूण मतदारांत ६० टक्क्यांवर पाठिंबा असेल आणि वाटप काटेकोर असेल तरच हे साधतं.

त्यासाठी प्रभागवार आदेश निघाले: या प्रभागाने पहिल्या आणि दुसऱ्याला मत द्यायचं, त्या प्रभागाने दुसऱ्या आणि तिसऱ्याला, पलीकडच्याने पहिल्या आणि तिसऱ्याला. "सांगितलंय तसं मत द्या" हीच घोषणा. १८६८ मध्ये तिघेही साडेचौदा हजारांपलीकडे गेले आणि विरोधकांतला पहिला नऊ हजारांच्या आत राहिला. ही रचना विल्यम हॅरिस यांची, पुढे १८७३ पासून सचिव म्हणून फ्रान्सिस श्नॅडहॉर्स्ट यांनी ती चालवली. चेंबरलेनने तिचा सगळ्यात जास्त उपयोग केला.

तीच मंडळी १८७० च्या शाळा मंडळाच्या निवडणुकीत मात्र तोंडावर आपटली. तिथे जागा १५, प्रत्येक मतदाराला मतं १५, आणि हवी तर सगळी एकालाच देता यायची. उदारमतवाद्यांनी हावरेपणाने पंधराही जागा लढवल्या, मतं पातळ झाली आणि सहाच आले. चर्चच्या गटाने आठ उभे केले, आठही आले. कॅथलिकांनी सगळी मतं एकाच उमेदवारावर ओतली आणि तो यादीत पहिला. पुढच्या खेपेला, १८७३ मध्ये, उदारमतवाद्यांनी आठच उभे केले, आठही निवडून आले आणि चेंबरलेन मंडळाचा अध्यक्ष झाला. बहुमताला आठ पुरतात हे तीन वर्षांनी उमगलं.

शेगडी

मतपेटी, हे गणित पहिल्यांदाच इतकं स्पष्ट वाचलं. मग पुढे पक्ष फुटला तेव्हा ही यंत्रणा कुणाकडे गेली?

मतपेटी

१८७७ मध्ये याच धर्तीवर उदारमतवाद्यांचा राष्ट्रीय महासंघ झाला, चेंबरलेन त्याचा अध्यक्ष. १८८६ मध्ये उदारमतवादी पंतप्रधान ग्लॅडस्टनने आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक आणलं, चेंबरलेनने मार्चमध्ये मंत्रिपद सोडलं. महासंघाने मे महिन्यात ग्लॅडस्टनच्या बाजूने कौल दिला, श्नॅडहॉर्स्ट तिकडे गेले, कचेरी लंडनला हलली. जून महिन्यात ९३ उदारमतवादी खासदारांनी विरोधात मत दिलं आणि विधेयक पडलं. यंत्रणा मात्र गेलीच. प्रभागातून वर मत जावं अशी जी रचना त्याने उभारली, तिने वर मत पाठवलं आणि ते त्याच्या विरोधात होतं. शहर तेवढं राहिलं: १९०६ मध्ये देशभर त्याच्या आघाडीचा (फुटीनंतर तो हुजूरपक्षाच्या जोडीला गेला होता) धुव्वा उडाला, पण बर्मिंगहॅमच्या सातही जागा टिकल्या.

मळसूत्र

मंत्री म्हणून केलेल्या कामांत मला १८८३ चा पेटंट कायदा महत्त्वाचा वाटतो. पेटंटचं सुरुवातीचं शुल्क २५ पौंडांवरून ४ पौंडांवर आलं. ज्या घराण्याचं भाग्य एका विकत घेतलेल्या पेटंटाने उघडलं, त्याने साध्या कारागिरालाही ते दार खुलं केलं. त्याच वर्षीचा दिवाळखोरीचा कायदाही त्याचाच. वसाहतमंत्री म्हणून (१८९५-१९०३) दक्षिण आफ्रिकेचं युद्ध त्याच्या माथी आहे, त्यावर स्वतंत्र धागा हवा, दोन ओळींत उरकण्याचा तो विषय नाही.

जमाखर्च

परदेशी मालावर जकात बसवायच्या त्याच्या मोहिमेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, दुसरा पक्ष फुटला तो यावरूनच. ऑक्टोबर १९०३ मध्ये ग्लासगोला त्याने आकडे मांडले: परदेशी गव्हावर क्वार्टरमागे (धान्याचं जुनं इंग्रजी माप) २ शिलिंग, परदेशी मांस आणि दुग्धजन्य मालावर ५ टक्के, तयार मालावर सरासरी १० टक्के. मका आणि खारवलेलं डुकराचं मांस वगळलं, कारण ते गरिबाचं खाणं. बदल्यात चहावरचा कर तीन-चतुर्थांश आणि साखरेवरचा निम्मा कमी. हिशेब जुळवलेला होता. पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या बिंग्ली हॉलमध्ये त्याने दोन पाव हातात धरून दाखवले, एक आजचा आणि एक जकातीनंतर त्याच पैशात येईल तेवढा. लांबून फरक कळत नव्हता. पण मतदाराने पाव नाही मोजला, "खाण्यावर कर" हे दोन शब्द ऐकले. विरोधकांनी तोच मोठा पाव-छोटा पाव चित्रांतून घरोघर नेला, आणि त्यांच्या चित्रात छोटा पाव फारच छोटा होता.

गल्लीबोळ

एक गोष्ट राहिली, आणि ती मला मनापासून आवडते. कलादालन उभारायचं होतं, पण ग्रंथालयाच्या कायद्यानुसार अशा कामाला पौंडामागे एका पेनीपेक्षा जास्त घरपट्टी लावता येत नव्हती. तेव्हा गॅस समितीने स्वतःची नवी कचेरी बांधली आणि वरचा भाग कलादालनाला दिला. खाली लोक गॅसची बिलं भरणार, वर चित्रं बघणार. १८८५ मध्ये ते उघडलं. उद्योगाच्या नफ्यातून आम्ही कलेला हातभार लावतो, अशा अर्थाची ओळ तिथल्या दगडावर कोरलेली आहे.

लेथ

वाचणाऱ्यांसाठी एक दुरुस्तीवजा सूचना. बर्मिंगहॅमच्या इमारतींबद्दल वाचताना "जे. एच. चेंबरलेन" हे नाव सतत येतं. तो वास्तुविशारद जॉन हेन्री चेंबरलेन, नात्यातला नव्हे. जोसेफचं मोझलीतलं हायबरी हे घर, त्याच्या नावाच्या चौकातलं १८८० चं कारंजं आणि शाळा मंडळाच्या कित्येक शाळा या जॉन हेन्रीच्याच. १८७९-८० चा महापौर रिचर्ड चेंबरलेन हा जोसेफचा भाऊ. १९१५ मध्ये महापौर झालेला आणि नगरपालिकेची बँक काढणारा तो मुलगा नेव्हिल. जुन्या कागदात नुसतं "महापौर चेंबरलेन" दिसलं तर आधी साल बघा.